विनोदचा पहिला शब्द

समीक्षाला पहिला संशय आला तो एका इंग्रजी शब्दावरून.

तिचा नवरा विनोद अंजनवेलला एका ठेकेदाराकडे वेल्डिंगचं काम करायचा. ती पूर्णगडला सासूकडे राहायची. सकाळी बंदरात होड्या लागल्या की मासळी घ्यायची आणि पावसच्या बाजारात बसून विकायची, हा तिचा धंदा. विनोद महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी घरी यायचा. त्यांची मुलगी सानवी इंग्रजी शाळेत जात होती. घरात थोडं तरी इंग्रजी बोलत जा, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. आईबाप दोघंही मराठी शाळेत शिकलेले. बोलणार काय? मग विनोदनेच फोनवर एक खेळ शोधून काढला.

रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा. आपण मनाने एक शब्द टाकायचा. त्यातलं एखादं अक्षर बरोबर जागी बसलं तर त्याचा चौकोन हिरवा होतो, अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळा, नसेलच तर करडा. असं करत करत सहा ओळींत मूळ शब्द गाठायचा. दोघांचाही सोडवून झाला की आपापल्या चौकोनांचा फोटो एकमेकांना पाठवायचा आणि खाली त्या शब्दाचा मराठीत अर्थ लिहायचा. संध्याकाळी तो अर्थ सानवीला वाचून दाखवायचा.

सानवी दोन दिवसांत कंटाळली. आईबापांना मात्र नाद लागला. विनोदचे अर्थ कुठल्या पुस्तकात सापडले नसते. 'स्टेल' हा शब्द आला तेव्हा त्याने लिहिलं होतं, "शिळं. संध्याकाळी उरलेला बांगडा, जो तू ताजा म्हणून खपवतेस." 'मॉइस्ट' आला तेव्हा, "ओलसर. आईच्या नजरेतून सुटलेलं सुकट." समीक्षा मासळीच्या टोपलीमागे बसून एकटीच हसायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं हो?

विनोदचा पहिला शब्द ठरलेला होता. प्रॉन. कोळंबी. तिने त्याला कितीदा सांगितलं, दुसरा घेऊन बघा, ह्याने अक्षरं सापडत नाहीत. तो म्हणायचा, "दिवसाची सुरुवात कोळंबीने झाली की बरं वाटतं." आणि मग पाचव्या नाहीतर सहाव्या ओळीत धडपडत पोचायचा. कधी पोचायचाही नाही.

मार्गशीर्ष लागला आणि एका सकाळी आलेल्या फोटोत पहिल्या ओळीत कोळंबी नव्हती. ए, डी, आय, ई, यू अशी अक्षरं होती. समीक्षाला तो शब्द वाचताही येईना. आणि मूळ शब्द तर तिसऱ्याच ओळीत ओळखलेला.

तिने फोनमध्ये अर्थ शोधला. अड्यू. निरोप. बहुधा कायमचा निरोप घेताना म्हणतात.

समोरची बाई सुरमईचा भाव विचारत होती, ते तिला ऐकूच आलं नाही.

दुपारी तिने फोन केला. "आज नवा शब्द टाकलात?"

"कुठे?"

"खेळात. पहिला."

"हां, तो," विनोद म्हणाला. "एकाने सांगितला. चांगला आहे म्हणे."

"अर्थ माहीत आहे का त्याचा?"

तो म्हणाला, "कामावर आहे गं. नंतर बोलतो."

पण मागे ग्राइंडरचा आवाज नव्हता, हातोड्याचा नव्हता, माणसांचा नव्हता. कुठेतरी एक कोंबडी ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अड्यू. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी नवऱ्याचा फोटो यायचा आणि त्याच्या पहिल्या ओळीत निरोप लिहिलेला असायचा. अर्थही आता त्याच्यासारखे नव्हते. 'ब्राइन' हा शब्द आला तेव्हा समीक्षा वाट बघत बसली. खारं पाणी म्हणजे त्याच्या घरचा शब्द, आज तो नक्की काहीतरी मजेशीर लिहील. आलं ते असं: "मीठ विरघळवलेले पाणी, समुद्रजल."

समुद्रजल! खाडीच्या काठावर वाढलेला विनोद जन्मात कधी समुद्रजल म्हणाला नसता.

त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्ट तपासायला लागली. कामाची घाई सांगून तो महिनाभर घरीही आला नव्हता. व्हिडिओ कॉल केला की तो उचलायचा नाही आणि नेटला रेंज नाही म्हणून साधा फोन करायचा. आधी तिचा फोटो आला नाही तर तोच चिडून विचारायचा, झोपलीस का? आता तिने दोन दिवस मुद्दाम फोटो पाठवला नाही, तरी त्याने काही विचारलं नाही. एकदा तो बोलत असताना शेजारून एका मुलीचा आवाज आला, "झालं का? आता मान वर करा." विनोदने चटकन सांगितलं, "टीव्ही चालू आहे."

"दुपारी? कामावर?"

"जेवायला आलोय खोलीवर."

खोली त्याने गंगुबाई नावाच्या म्हातारीच्या घरात भाड्याने घेतली होती. घरात ती आणि तिची कॉलेजात जाणारी नात ईशा, दोघीच. हे विनोदनेच पूर्वी सांगितलेलं. तेव्हा समीक्षाने ते एका कानाने ऐकून सोडून दिलं होतं. आता ते नाव तिच्या डोक्यात येऊन बसलं.

तिने सासूजवळ विषय काढला. तुळसा अंगणात बोंबील उलटेपालटे करत होती.

"आई, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. तुमच्याशी काही बोलले का?"

तुळसाने मान वर केली नाही. "काय बिनसायचं हाय? पोर कामात असेल. सारखी सारखी त्याच्या पाठी लागू नको गो."

"मी कुठे पाठी लागलेय? फोनवर दुसरंच कोणीतरी लिहितंय."

"त्या फोनाचं मला काय कळतं?" सासू म्हणाली आणि उठून आत गेली. निम्मे बोंबील तसेच राहिले. तुळसा अर्धं काम टाकून कधी उठत नसे. समीक्षाने ओळखलं, हिला ठाऊक आहे. मुलाचं पाप आई झाकतेय.

ह्या विचाराने तिला रडू आलं नाही. उलट ती थंड झाली. दुसऱ्या दिवशीचा शब्द निघाला 'गिल्ट', आणि त्याखाली नेटक्या शब्दांत अर्थ आला: "अपराधीपणाची भावना." तिने लगेच उत्तर लिहिलं, "हा अर्थ तुम्ही स्वतः लिहिलात?"

पलीकडून कोणीतरी टाइप करत असल्याचं दिसलं. मग आलं, "हो वहिनी."

क्षणभरच. लगेच तो मेसेज पुसला गेला आणि त्याजागी आलं, "हो."

समीक्षा त्या एका अक्षराकडे बघत राहिली. आता विचारायचं काही राहिलं नव्हतं.

गुरुवार होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे बाजार बुडण्याची चिंता नव्हती. तिने सानवीचा डबा भरला, साडी बदलली आणि सासूला सांगितलं, "मी अंजनवेलला जातेय."

तुळसा दारात आडवी आली. "नको जाऊ."

"का?"

"मी सांगतंय म्हणून. तो येईल आपणहून. चार दिवस थांब."

"चार दिवसांनी काय होणार आहे?"

सासू नुसती पदराचं टोक पिळत उभी राहिली. समीक्षा तिच्या बाजूने वाट काढून बाहेर पडली.

रत्नागिरीला बस बदलून ती जयगडला आली. तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्यांच्या मध्ये उभी राहून तिने मनातल्या मनात सगळं बोलून घेतलं. आधी त्या मुलीशी बोलायचं की ह्यांच्याशी? ओरडायचं नाही. रडायचं तर अजिबात नाही. फक्त विचारायचं, कधीपासून? तेवढं कळलं की परत फिरायचं. सानवी आपली, धंदा आपला. राहायचं कुठे, ते मग बघता येईल. पाणी संथ होतं आणि बोट इतकी हळू चालली होती की तिला उतरून ढकलावीशी वाटत होती.

गुहागरहून रिक्षाने ती अंजनवेलला पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. गंगुबाईंचं घर एका दुकानदाराने दाखवलं. चिऱ्यांच्या कुंपणाचा गडगा, आत माडाची झाडं, ओटी आणि मागे उघडं दार. गडग्याशी आल्यावर तिला आवाज ऐकू आला. तोच, फोनमधला.

"हलू नका हो. मान वर."

समीक्षा माडाच्या आड थांबली. आतल्या खोलीत विनोद खुर्चीवर बसला होता, तिच्याकडे पाठ करून. एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी त्याच्यासमोर वाकून उभी होती. तिचा एक हात त्याच्या हनुवटीखाली होता, दुसरा गालाजवळ. तिचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असेल. विनोद काहीतरी पुटपुटला आणि ती मुलगी हसली.

वाटेत ठरवलेलं सगळं समीक्षा विसरली. ती ओटी चढून थेट दारात जाऊन उभी राहिली.

मुलगी दचकून बाजूला झाली. तिच्या हातातून औषधाची बारीक बाटली खाली पडली. विनोदने खुर्चीतल्या खुर्चीत वळून दाराकडे बघितलं. अगदी समीक्षाच्या तोंडाकडे. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि डोळ्याच्या कडा लाल सुजल्या होत्या.

"कोण आलंय गं, ईशा?" त्याने विचारलं.

समीक्षा चार हातांवर उभी होती. उन्हाचा कवडसा तिच्या अंगावर पडला होता. तिचा नवरा तिच्याकडे बघत होता आणि त्याला ती कोण आहे हे कळत नव्हतं.

"काय झालंय तुम्हाला?" ती म्हणाली.

आवाज ऐकून विनोदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पुढचं ईशानेच सांगितलं. कार्तिकात काम करताना ग्राइंडरची चकती फुटली आणि तिचा कपचा उजव्या डोळ्यात घुसला. चष्मा त्याने कपाळावर सरकवलेला होता. चिपळूणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, पण अजून सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं. दिवसातून बऱ्याचदा थेंब घालावे लागतात. आजीचा हात थरथरतो, म्हणून ते काम तिच्याकडे.

"आणि खेळ?" समीक्षाने विचारलं.

ईशा ओशाळली. "आधी दादा अक्षरं सांगायचे, मी दाबायचे. पण त्यांना आधीच्या ओळी दिसत नाहीत ना, मग लक्षात राहायचं नाही, त्यांचा जीव घाबरा व्हायचा. म्हणाले, तूच सोडव आणि पाठव, नाहीतर तिला कळेल."

"म्हणून रोज सकाळी मला निरोप पाठवत होतात?"

"कसला निरोप?" विनोदने तोंडावरचे हात काढले.

"अड्यू म्हणजे काय?"

विनोद ईशाच्या दिशेने वळला. ईशा घाईघाईने म्हणाली, "अहो वहिनी, त्यात चार स्वर आहेत म्हणून टाकतात तो! आमच्या कॉलेजात सगळे टाकतात. अर्थाकडे कोण बघतंय?"

गंगुबाई आतून चहा घेऊन आली. तिने समीक्षाच्या हातात कप दिला आणि नातीला हाताला धरून बाहेर नेलं.

दोघंच उरल्यावर समीक्षाने विचारलं, "पण एक डोळा गेला तर दुसरा आहे ना? डाव्याने मी दिसले नाही?"

विनोद म्हणाला, "डावा लहानपणापासून मंद आहे. उजेड कळतो, आकार कळतो. माणूस ओळखू येत नाही."

"लहानपणापासून?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी मुलगी दिली असती?"

समीक्षाने कप जमिनीवर ठेवला. इतकी वर्षं ती ह्या माणसाबरोबर जेवली होती, झोपली होती. तिला एकदाही कळलं नव्हतं की तो एकाच डोळ्याने जग बघतो. मघाशी माडाआड उभी असताना जे वाटलं, ते खोटं निघालं होतं. तरी तिला सुटल्यासारखं वाटेना. वेगळंच काहीतरी खरं निघालं होतं.

"आईंना दोन्ही गोष्टी माहीत होत्या," ती म्हणाली.

"मीच शपथ घातली होती. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात तपासणी आहे. दिसणार की नाही ते एकदा कळलं की तुला सांगणार होतो. आधी सांगून करणार काय होतीस?"

"थेंब घातले असते," समीक्षा म्हणाली.

ती तिथेच राहिली. पावसच्या बाजारात शेजारी बसणाऱ्या बाईला फोन करून तिने आपली जागा सांभाळायला सांगितली. सासूला फोन केला तेव्हा तुळसा फोनवरच रडायला लागली. समीक्षाने फक्त सानवीचं विचारलं आणि फोन ठेवला.

तपासणीच्या दिवशी दोघं चिपळूणला गेली. विनोद वाटेत बराच खुशीत होता. कालपासून धुकं पुष्कळ कमी झालंय, म्हणाला. डॉक्टरांनी दाखला दिला की ठेकेदार परत कामावर घेणार होता.

आत एका मॅडमनी त्याला खुर्चीवर बसवलं, डाव्या डोळ्यावर झाकण धरायला लावलं आणि समोरचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. विनोदने वरचं मोठं अक्षर वाचलं. मग दुसरी ओळ, तिसरी, चौथी. अगदी बारीक अक्षरांची ओळही त्याने न अडखळता धडाधड वाचून दाखवली.

"अरे वा, छान!" मॅडम म्हणाल्या आणि लिहायला वळल्या.

समीक्षा मागे उभी होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. मोठ्या अक्षरांना आणि बारीक अक्षरांना त्याने सारखाच वेळ घेतला होता. डोळा बारीक केला नव्हता, मान पुढे काढली नव्हती. आणि त्याचं तोंड तक्त्याकडे नव्हतंच. ते थोडं डावीकडे, दिनदर्शिका टांगली होती तिकडे होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्याकडे मराठी अक्षरांचा तक्ता आहे ना?"

"आहे. का बरं?"

"तो वाचायला सांगा."

"कशाला?" विनोद एकदम मोठ्याने म्हणाला. "वाचलं ना सगळं!"

"मराठी तर तुम्हाला जास्त सोपं," समीक्षा म्हणाली.

मॅडमनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि तक्ता बदलला. विनोदने पहिलं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीला तो थांबून थांबून बोलला. तिसऱ्या ओळीवर त्याने 'म' ला 'भ' म्हटलं, पुढच्या अक्षराला काहीच म्हटलं नाही आणि झाकण खाली ठेवलं.

पेशंट एकेक करून आत तोच तक्ता वाचतात आणि ते सगळं दाराबाहेर ऐकू येतं, हे विनोदने मग कबूल केलं. मागच्या वेळी पट्टी बांधून बाकावर बसलेला असताना त्याने ती अक्षरं पाठ केली होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं. नजर आणखी थोडी सुधारेल. रोजचा व्यवहार होईल. पण वेल्डिंग आणि ग्राइंडर पुन्हा नाही. आणखी एक ठिणगी उडाली तर हाही डोळा राहणार नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर विनोदने तिचा हात झटकला. "माझं काम घालवलंस तू. समाधान झालं?"

"नाही झालं."

"एवढा संशय? स्वतःच्या नवऱ्यावर?"

"हो," समीक्षा म्हणाली. "आला संशय. आणि आला नसता तर उद्या तुम्ही वेल्डिंगचा टॉर्च पेटवून बसला असतात. मला कोणीतरी फोन करून सांगितलं असतं, तेही दुसऱ्याच्या शब्दांत."

तो पायरीवर बसला. येणारीजाणारी माणसं बाजूने जात होती. तो म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही गं."

ती त्याच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने त्यानेच चाचपडत तिचा हात धरला.

विनोद घरी आला. पहिले काही आठवडे वाईट गेले. तो चिडायचा, जेवणावरून उठायचा. समीक्षा सासूशी कामापुरतंच बोलायची. शेवटी एक दिवस तुळसाच तिच्यासमोर येऊन बसली. "लग्नाच्या वेळी मी लपवलं, ते माझं चुकलं," ती म्हणाली. "पोराचं घर बसावं एवढंच डोक्यात होतं. आता तुला काय बोलायचं ते बोल गो." समीक्षाला बोलायचं पुष्कळ होतं, आणि ती बोललीही. तुळसाने सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर घरात पुन्हा मोठ्याने बोलणं सुरू झालं.

उन्हाळ्याच्या सुमारास बंदरावर लिलाव पुकारणारा म्हातारा मुलाकडे राहायला गेला आणि ते काम विनोदला मिळालं. त्याचा आवाज दणदणीत होता आणि माणसं तो बोलण्यावरून ओळखायला लागला होता. मासळीची पारख त्याला लहानपणापासून होती. हात लावला की त्याला ती किती ताजी आहे ते कळायचं. खरेदीला आलेल्या बायकांमध्ये समीक्षाही असायची. तिला भावात सूट द्यायची नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं.

समीक्षाचा संशय मात्र पुरता गेला नाही. रस्ता ओलांडताना तो "गाडी गेली" म्हणाला की ती विचारायची, "कसली गाडी?" सुरुवातीला तो रागवायचा, नाहीतर अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचा आणि पकडला जायचा.

परवा जेटीवरून परत येताना तिने बोट दाखवून विचारलं, "ती पलीकडून होडी येतेय, ती कोणाची?"

विनोद थांबला. हाताने उन्हाला आडोसा करून त्याने पाण्याकडे पाहिलं.

"पाणी चमकतंय," तो म्हणाला. "होडी नाही दिसत मला. कुठपर्यंत आलीय?"

समीक्षाने त्याला सांगितलं.